परदेशात घोड्याचे बिऱ्हाड

चीनमधल्या हांगझोऊ शहरात 2023 साली आशियाई खेळ झाले, तेव्हा ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात भारताच्या चौघांनी सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी आले होते आणि चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता, त्यामुळे आपल्याकडे कौतुक भरपूर झाले. घोड्यांची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. ते घोडे भारतात राहतच नव्हते. त्यांचे ठाण युरोपातल्या तबेल्यांत होते आणि त्यांच्यापायी स्वारांनी आपला मुक्काम तिकडे हलवला होता. कोलकात्याचा अनुष अगरवाला जर्मनीत पाडरबोर्नजवळ हुबर्टस श्मिट यांच्या हाताखाली घडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेला बेंगळुरूचा फवाद मिर्झाही जर्मनीतच, झांड्रा आउफार्ट यांच्याकडे तयार झाला.

यामागे कारण आहे ते रोगांचे. ग्लँडर्स, सरा यांसारखे घोड्यांचे आजार जिथे अधूनमधून डोके वर काढतात, तिथल्या घोड्यांना युरोपची दारे सहजी उघडत नाहीत. 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली, त्यामुळे तिथे ठेवलेल्या स्पर्धेच्या घोड्यांना परदेशी जाण्याची वाट निघाली. सारंगखेड्याच्या बाजारात हौसेने घेतलेल्या घोड्याला त्या वाटेचा काही उपयोग नाही. म्हणजे पुण्याहून स्टुटगार्टला बदलीवर निघालेला घोडेवेडा माणूस आपला घोडा कोणाच्या तरी हवाली करूनच विमानात बसतो आणि तिकडे नवा घोडा घेतो, किंवा घ्यायची स्वप्ने पाहतो. इंग्लंड किंवा दुबईहून जर्मनीला जाणाऱ्याला घोडा सोबत नेता येतो. दोघांपुढचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: घोडा ठेवायचा कुठे?

जर्मनी हा या बाबतीत मोठा सोयीचा आणि तितकाच गोंधळात टाकणारा देश आहे. तिथे सुमारे 13 लाख घोडे आहेत. घोडेस्वारी ही आपल्याकडच्यासारखी क्लब आणि लष्कर यांच्यापुरती राहिलेली नाही. खेड्यापाड्यातल्या शाळकरी मुली सायकलवरून तबेल्यात जातात आणि लीद उचलून घरी येतात. घोडे भाड्याने ठेवून घेणारा तबेला, तिकडच्या भाषेत पेन्झिऑनश्टाल, बहुतेकदा एखाद्या शेतकऱ्याचाच असतो. गाई-डुकरांचा धंदा परवडेनासा झाला, तेव्हा त्याने गोठ्याच्या खोल्या पाडून घोड्यांचे कप्पे केले आणि शेताच्या कडेला वाळूचे रिंगण आखले. काही ठिकाणी याच्या अगदी उलट चित्र दिसते: आरसे लावलेला बंदिस्त हॉल, पाण्यात चालण्याचे यंत्र, घोड्यांना ऊब देणारे दिवे. दोन्हीकडे घोडा सुखात राहू शकतो आणि दोन्हीकडे हालातही.

शोध घ्यायचा तर जाहिरातींपेक्षा माणसे धरावीत. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे नालबंद. घोड्याचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात, त्यामुळे तो पंचक्रोशीतल्या प्रत्येक तबेल्यात वर्षातून सात-आठ वेळा जातो आणि प्रत्येक घोड्याचा पाय हातात धरून पाहतो. कुठले घोडे चिखलात उभे राहून खुरांच्या कुजीने हैराण आहेत, कुठल्या मालकाचे कामगार दर तीन महिन्यांनी पळून जातात, हे त्याला ठाऊक असते. तो उघड नाव घेऊन निंदा करणार नाही, त्याचे पोट त्यावर आहे. पण तुम्ही तीन तबेल्यांची नावे सांगितलीत आणि एका नावावर तो गप्प बसला, तर समजायचे ते समजावे. गावातले पशुवैद्य, खाद्याच्या दुकानातला फलक आणि गावची रायडिंग संस्था यांचा नंबर त्याच्यानंतर.

आता प्रकार. पूर्ण देखभालीच्या तबेल्यात चारा, पाणी, साफसफाई, घोडा कुरणात सोडणे आणि परत आणणे हे सगळे मालक पाहतो. अर्ध्या देखभालीत काही कामे तुमच्याकडे येतात. तिसऱ्या प्रकारात नुसती जागा मिळते. पहाटे वैरण टाकण्यापासून लीद काढण्यापर्यंत सगळे तुम्हीच करायचे, नाहीतर शेजारच्या घोडेवाल्याशी पाळ्या वाटून घ्यायच्या. भारतातून गेलेल्याला इथे पहिला धक्का बसतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा आपल्याकडच्या क्लबात दोन-तीन घोड्यांमागे एक मोतद्दार असतो. खरारा तो करतो, खोगीर तो चढवतो, स्वार आयता येऊन मांड ठोकतो. जर्मनीत पूर्ण देखभालीतही वीस-तीस घोड्यांमागे एखाद-दुसरा माणूस असतो. तो तुमच्या घोड्याला खरारा करणार नाही आणि खुरातला खडाही काढणार नाही. ती कामे मालकाची. साहेबी थाटाची सवय असलेल्याला हे जड जाते, पण घोड्याच्या दृष्टीने हे बरेच आहे, कारण ज्याचा हात रोज घोड्याच्या पायावरून फिरतो त्यालाच सूज पहिल्याच दिवशी कळते.

देखभाल कोणाकडे, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न घोडा राहतो कसा, हा आहे. एकट्याचा कप्पा, कप्प्याला जोडून छोटे अंगण, कळपाने राहायचा खुला तबेला म्हणजे ऑफेनश्टाल, आणि अलीकडे आलेला आक्टिवश्टाल. या शेवटच्या प्रकारात घोड्याच्या मानेत किंवा गळ्यात चिप असते. तो चारायंत्रापाशी गेला की यंत्र त्याला ओळखून त्याच्या वाट्याचा चारा देते. पाणी एका टोकाला, चारा दुसऱ्या टोकाला, झोपायची जागा तिसरीकडे, म्हणजे घोड्याला दिवसभर चालावेच लागते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे कळायला घोड्याच्या पोटात डोकावावे लागते. मोकळा घोडा दिवसाचे बारा ते सोळा तास चरतो. त्याचे जठर देहाच्या मानाने अगदी लहान आणि त्यात आम्ल अखंड झरत असते, पोटात अन्न असो वा नसो. त्या आम्लाला आवरते ती लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. वैरण संपली की चावणे थांबते, लाळ थांबते, आम्ल मात्र थांबत नाही. मग जठराला व्रण पडतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे गेले ते पुढेच सरकले पाहिजे. ते अडले की शूळ उठतो. शूळाने तडफडणारा घोडा ज्याने एकदा पाहिला आहे, तो तबेला निवडताना हॉलमधल्या आरशांकडे बघत बसत नाही.

जर्मनीच्या कृषी मंत्रालयाने 2009 मध्ये घोडे पाळण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती कायदा नाहीत, पण सरकारी पशुवैद्यक अधिकारी आणि न्यायालये त्यांचाच आधार घेतात. दोन वैरणींमध्ये चार तासांपेक्षा जास्त खंड पडू नये, असे त्यांत म्हटले आहे. आता एखाद्या सर्वसाधारण तबेल्याचे वेळापत्रक पाहा: संध्याकाळी पाचला शेवटची वैरण आणि सकाळी सातला पुढची. मध्ये चौदा तास. पाचला टाकलेले गवत घोडा साडेसात-आठपर्यंत फस्त करतो आणि उरलेली रात्र रिकाम्या पोटाने भिंत चाटत काढतो. म्हणून तबेला पाहायला गेल्यावर विचारण्याजोगा पहिला प्रश्न: रात्रीची शेवटची वैरण किती वाजता आणि किती किलो? बारीक जाळीच्या पिशवीत वैरण टांगतात का? या प्रश्नांना जो मालक आकड्यात उत्तर देतो, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. “भरपूर देतो हो” म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. हिशेब साधा आहे: घोड्याच्या दर शंभर किलो वजनामागे रोज दीड ते दोन किलो वाळलेली वैरण. पाचशे किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. चंदी, म्हणजे ओट किंवा जव वगैरे, घोडा किती मेहनत करतो त्यावर. आठवड्यातून तीनदा रपेट मारणाऱ्या हौशी स्वाराच्या घोड्याला ती बहुधा फारशी लागतच नाही.

वैरण प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावी. गठ्ठ्याच्या मधून मूठभर गवत ओढून काढावे, बाहेरचे घेऊ नये. चांगल्या गवताला फिकट हिरवट रंग आणि चहाच्या पत्तीसारखा वास असतो. नाकाशी धरल्यावर कोंदट वास आला किंवा उजेडात झटकल्यावर पांढुरकी धूळ उडाली, तर ती बुरशी समजावी. त्या धुळीने घोड्याला दमा जडतो आणि दमेकरी घोड्याची वैरण मग जन्मभर भिजवून किंवा वाफवून द्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी अर्धवट वाळवलेले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आंबवलेले गवत देतात. त्यात धूळ नसते, ही चांगली गोष्ट. पण गठ्ठा एकदा फोडला की थोड्याच दिवसांत संपवावा लागतो, नाहीतर तो बिघडतो. गवत कापताना एखादा उंदीर किंवा हरणाचे पाडस यंत्रात सापडून गठ्ठ्यात गुंडाळले गेले, तर त्यात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. त्यामुळे चाळीस घोड्यांच्या तबेल्यात मोठे गठ्ठे ठीक, पण चारच घोडे आणि दोनशे-तीनशे किलोचा गठ्ठा असे गणित दिसले तर शंका घ्यावी.

पाण्याच्या भांड्यातली पत्री जीभ बोटाने दाबून पाहावी. पाणी जोरात येते का? भांड्याच्या तळाशी शेवाळ आणि जुना चारा साचला आहे का? घोडा दिवसाला तीस ते साठ लिटर पाणी पितो. जानेवारीत नळ गोठतात, तेव्हा भांडी तापवायची सोय आहे की बादल्या वाहायच्या, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

कप्प्याचे माप काढायला सोपे सूत्र आहे. घोड्याची खांद्यापाशी उंची मोजा, दुप्पट करा आणि वर्ग करा. 160 सेंटीमीटरच्या घोड्याला 3.2 गुणिले 3.2, म्हणजे 10.24 चौरस मीटर जागा किमान हवी आणि अरुंद बाजू उंचीच्या दीडपट, म्हणजे 2.4 मीटर. घोड्याला कधीकधी पूर्ण आडवे पडावे लागते, कारण गाढ झोप त्याला उभ्याने लागत नाही. मात्र मोठा कप्पा दाखवून मालक तुम्हाला खूश करील आणि घोडा त्यातच दिवसाचे तेवीस तास उभा राहील, तर त्या चौरस मीटरांना काही अर्थ उरत नाही. रोज मोकळे फिरणे आणि दुसऱ्या घोड्याची सोबत या गोष्टी त्याच तत्त्वांत तितक्याच ठामपणे मांडल्या आहेत. शेजारच्या स्वित्झर्लंडने तर 2008 च्या पशुसंरक्षण नियमांत घोड्याला दुसरे घोडे दिसणे, ऐकू येणे आणि त्यांचा वास येणे सक्तीचे केले आणि दावणीला कायम बांधून ठेवणे मुदत देऊन बंद केले. आपल्याकडच्या घोडेवाल्याला हे ऐकून हसू येईल. दावणीला बांधलेला घोडा हे आपल्या डोळ्यांना सवयीचे चित्र आहे. पण कळपातल्या प्राण्याला एकट्याने कोंडले की तो मान डोलवत राहतो, दाराचे लाकूड कुरतडतो, हवा गिळतो. तबेल्यातून फिरताना अशी चाळवलेली जनावरे किती दिसतात, हे मोजावे.

नर घोडा असेल तर आधीच सांगून टाकावे. आपल्याकडे खच्ची न केलेला नर पाळणे ही शान समजली जाते. जर्मनीतल्या बहुतेक भाड्याच्या तबेल्यांत अशा घोड्याला जागाच नसते आणि असली तर वेगळे कुंपण, वेगळे भाडे.

तबेला पाहायचा योग्य महिना नोव्हेंबर. जूनमध्ये सगळीच कुरणे हिरवीगार दिसतात आणि घोडे चित्रातल्यासारखे. नोव्हेंबरात पाऊस लागला की खुल्या तबेल्याच्या दारापाशी गुडघाभर चिखल होतो का, की खाली खडी-जाळी टाकून जमीन पक्की केली आहे, हे आपोआप कळते. त्याच महिन्यात कुंपणालगतची झाडेही पाहून घ्यावीत. सायकामोर मेपलच्या पंख असलेल्या बिया वाऱ्याने कुरणात येऊन पडतात. त्यांत हायपोग्लायसिन नावाचे द्रव्य असते आणि ते खाऊन घोड्याचे स्नायू विरघळू लागतात. लघवी कॉफीसारखी काळी होते आणि बहुतेक घोडे दोन-तीन दिवसांत दगावतात. यू नावाचे सदाहरित झाड बागेच्या कुंपणाला सर्रास लावतात, त्याचा मूठभर पालाही घोड्याचा जीव घ्यायला पुरेसा आहे. पिवळ्या फुलांचे रॅगवर्ट तर आणखी फसवे. उभे असताना कडू लागते म्हणून घोडे ते टाळतात, पण वाळून वैरणीत आले की कडवटपणा जातो आणि विष तसेच राहते. ते हळूहळू यकृत खाते. ज्या मालकाला कुरणातले रॅगवर्ट ओळखू येत नाही, त्याच्याकडे घोडा ठेवू नये.

हे सगळे पसंत पडले की करार. तो लेखी करावा. शेतकरी कितीही दिलदार वाटला आणि हात मिळवून “बास, झाले” म्हणाला, तरी. भाड्यात काय धरले आहे आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, हे त्यात हवे. हिवाळ्यात पांघरूण घालणे, खूर कापायला नालबंद आला तर घोडा धरून उभे राहणे, कुरणात नेणे-आणणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी तबेल्यात बिलावर वेगळी दिसते. सोडून जायची नोटीस किती आठवड्यांची, भाडे थकले तर मालकाचे घोड्यावर काय हक्क, तुम्ही गावाला गेलात आणि घोडा रात्री आजारी पडला तर पशुवैद्याला बोलवायचा आणि खर्च करायचा अधिकार कोणाला, किती रकमेपर्यंत, हेही. शेवटच्या कलमाचा नवखी माणसे विचारच करत नाहीत आणि रात्री दोनला पुण्यात फोन वाजतो.

रात्रीच्या फोनवरून आठवले. घोडा कुंपण मोडून रस्त्यावर आला आणि गाडीवर आदळला, तर नुकसान कोण भरणार? जर्मन नागरी संहितेचे 833 वे कलम म्हणते की जनावर बाळगणारा भरणार, त्याची चूक असो वा नसो. पोटापाण्यासाठी जनावर पाळणाऱ्याला आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करून सुटता येते. हौसेने घोडा पाळणाऱ्याला ती सवलत नाही. घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात असला तरी तुम्हीच बाळगणारे. म्हणून दायित्व विमा काढून ठेवावाच. बहुतेक तबेले त्याचा कागद पाहिल्याशिवाय घोडा उतरवूच देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. तुमचा घोडा मैत्रिणीने चालवला आणि ती पडली, तर तेही विम्यात बसते का, हे तपासून घ्यावे.

कागदांमधला राजा म्हणजे घोड्याचा पासपोर्ट. युरोपीय संघात प्रत्येक घोड्याला तो लागतो आणि 2009 पासून जन्मलेल्या घोड्यांना मायक्रोचिपही. पासपोर्ट घोड्याजवळच, तबेल्यात असावा लागतो. बाहेरून आणलेल्या घोड्याचीही नोंद करून घ्यावी लागते. पासपोर्टातला एक रकाना मराठी माणसाला दचकवतो: हा घोडा खाण्यासाठी आहे की नाही? युरोपच्या कायद्यात घोडा मुळात अन्नासाठीचे जनावर मानला जातो. ‘अन्नासाठी नाही’ अशी नोंद एकदा केली की ती कायमची, मागे घेता येत नाही. ती नसेल तर काही औषधे देताच येत नाहीत. फिनाइलब्युटाझोन हे दुखण्यावरचे नेहमीचे औषध त्यांत येते. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहारासाठीही ही नोंद लवकर करून टाकलेली बरी.

आता घोडा प्रत्यक्ष येतो तेव्हा. विमानाने येणारे घोडे पेटीसारख्या कप्प्यांत दोन-दोन, तीन-तीन उभे केलेले असतात आणि डोके वर बांधलेले असते. घोड्याची श्वासनलिका साफ होते ती मान खाली घातल्यावर. तासन्‌तास मान वर राहिली की घाण फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. म्हणून तबेल्यात पोहोचल्यावर वैरण जमिनीवर टाकावी, घोडा मान खाली घालून खाईल असे पाहावे आणि पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. मोठ्या घोड्याचे तापमान साधारण 37.5 ते 38.2 अंश सेल्सिअस असते. त्याच काळात नवा घोडा इतरांपासून दोन-तीन आठवडे वेगळा ठेवतात. ही सोय नसलेला तबेला नव्या घोड्यासाठी, आणि तिथल्या जुन्या घोड्यांसाठीही, धोक्याचा. 2021 च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात एका स्पर्धेच्या मैदानावर घोड्यांच्या हर्पीस विषाणूची साथ फुटली, घोडे आपापल्या देशी परतले आणि विषाणूही त्यांच्याबरोबर गेला. डझनभराहून जास्त घोडे मेले आणि युरोपातल्या कितीतरी स्पर्धा बंद ठेवाव्या लागल्या. लसीकरणाचा कागद मागणारा मालक तुमचाच फायदा पाहत असतो.

कोरड्या देशातून आलेल्या घोड्याला जर्मनीतले वसंतातले गवत हा आणखी एक सापळा. थंड रात्रीनंतर लख्ख ऊन पडले की गवतात साखर साठते. पोटाला सवय नसलेला घोडा त्यात दिवसभर सोडला की खुरांच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येते आणि घोडा पुढचे पाय लांबवून, मागच्या पायांवर भार टाकून उभा राहतो. ते दुखणे एकदा झाले की पुन्हा पुन्हा होते. म्हणून कुरणाची वेळ पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे, मग वीस, अशी हळूहळू वाढवतात. तबेल्याचा मालक हे आपल्या घोड्यांसाठी करतच असतो, पण तुमच्या घोड्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते. दक्षिण गोलार्धातून आलेल्या घोड्याची आणखीच तऱ्हा. घोड्याचे केस दिवसाच्या लांबीप्रमाणे वाढतात आणि गळतात. ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यात भरदार केस आलेला घोडा जुलैत जर्मनीत उतरला की घामाने थबथबतो. मग कातरावे लागते.

पैशाचे काय? पूर्ण देखभालीच्या कप्प्याला महिन्याला साधारण 300 ते 600 युरो पडतात. म्युनिक-हॅम्बुर्गच्या आसपास जास्त, खेड्यात स्वतः राबायची तयारी असेल तर कमी. पण खर्च भाड्यावरच संपत नाही. पशुवैद्यांच्या शुल्काचे सरकारी दरपत्रक 22 नोव्हेंबर 2022 पासून वाढले. त्या दराच्या तिप्पटीपर्यंत आणि रात्रीच्या तातडीत चौपटीपर्यंत बिल होऊ शकते. शूळाची शस्त्रक्रिया झाली तर घोड्याच्या किमतीएवढे पैसे एका रात्रीत जातात. त्यावर नालबंद, विमा आणि शिकवणीचे तास. हेसेनमधल्या बाड झोडेन-आलेनडॉर्फ या गावाने तर 2013 मध्ये घोड्यांवर स्थानिक करही बसवला होता. नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यात जंगलात फेरी मारायची तर घोड्याच्या लगामाला क्रमांकाची पाटी लावावी लागते. बाहेर फिरायचे असेल तर तबेल्यापासून निघणाऱ्या वाटा कुणाच्या, हे आधीच पाहावे. गावातून डांबरी रस्त्याने तीन किलोमीटर गेल्यावर रान लागणार असेल, तर त्या रानाचा काय उपयोग!

हे सगळे वाचून उत्साह ओसरला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, एक मधला मार्ग आहे. पेशवाईच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, तर बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा. बारगिरासारखीच जर्मनीत दुसऱ्याच्या घोड्यात भागीदारी घेऊन आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यावर बसायची पद्धत आहे. तिला राइटबेटायलिगुंग म्हणतात. मालकाला महिन्याला थोडे पैसे द्यायचे, ठरलेल्या दिवशी खरारा, साफसफाई आणि स्वारी करायची. घोडा, पासपोर्ट आणि रात्रीचे फोन त्याचे. तबेल्याची रीत, वैरणीचा वास, नालबंदाचे गप्प बसणे, हे सगळे या वर्षा-दोन वर्षांत थोडक्या खर्चात शिकायला मिळते. तुमची मुलगी नव्या देशात पोहोचल्यापासून घोड्यासाठी हट्ट धरून बसली असेल, तर आधी बारगीर व्हा. दोन हिवाळे चिखलात उभे राहूनही ती तबेल्यात जायचे म्हणत असेल, तेव्हाच घोडा घ्यायचा विचार करा, आणि त्याआधी त्याची जागा पक्की करा.